तिने मला मागितलं नव्हतं

मी एका मुलीचं पहिलं हत्यार बोलतोय. चुकीचं हत्यार. हे आधीच सांगून टाकतो, कारण लॉईड बिटनरच्या दुकानात ते शेवटपर्यंत कुणी कबूल केलं नाही.

मी रिव्हॉल्व्हर आहे. पाच गोळ्यांचं, दोन इंची नळीचं, वजनाला अर्ध्या किलोहूनही कमी. कारखान्यात आम्ही शंभरेक भावंडं टेबलावरून पुढे सरकत होतो तेव्हा सगळ्यांच्या मुठींना काळं रबर लागलं. मग कुणीतरी एक वेगळं खोकं उघडलं आणि आमच्यापैकी वीस जणांच्या मुठींना गुलाबी रबर चढवलं. बाकी काही बदललं नाही. चाप तेवढाच कडक, धक्का तेवढाच वाईट. खोक्यावर मात्र 'खास महिलांसाठी' असं छापून मोकळे झाले.

माझा जन्म कशासाठी आहे ते मला ठाऊक आहे. पर्समध्ये पडून राहायचं आणि कधी वेळ आलीच तर चार पावलांवरून उडायचं. पन्नास फुटांवरच्या कागदातलं काळं वर्तुळ हे माझं काम नाही. नेम धरायला माझ्या डोक्यावर नुसती एक चर आहे. शिवाय जड हत्यार धक्का स्वतःच्या अंगात जिरवतं, हलकं तो धरणाऱ्याच्या मनगटात फेकतं. लॉईडच्या दुकानातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला हे पाठ आहे. समोर मुलगी उभी राहिली की विसरतात.

काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक जुनं पिस्तूल होतं. पॉइंट टू टू. लांब नळी, लाकडी मूठ, अंगावर ओरखडे, आणि चांगलं सव्वा किलोचं. त्याची गोळी करंगळीच्या नखाएवढी. ते कधी बोलायचं नाही. त्याला गरजही नव्हती.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी सकाळी डॅनिका हुडाक आली. बावीस वर्षांची, गोदामात काम करणारी, कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडलेली. मागोमाग तिचे वडील जीन. काच कारखान्यातून निवृत्त झालेला, कमी बोलणारा माणूस. भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याखाली, कॉफीच्या भांड्याशेजारच्या स्टुलावर त्यांचा दोस्त स्टॉश बसला होता. तो तिथे रोजच असतो. विकत काही घेत नाही, मतं फुकट देतो.

"मला टार्गेटसाठी हवंय," ती म्हणाली. "नेमबाजी क्लबच्या मंगळवारच्या लीगमध्ये एक जागा रिकामी झालीय. तिच्यासाठी जानेवारीत परीक्षा आहे. ते लांबवालं दाखवाल का, मिस्टर बिटनर?"

लॉईडने ते काढून दिलं. तिने आधी ते रिकामं आहे का ते पाहिलं, मग दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे रोखलं. तिचे वर चढलेले खांदे हळूहळू खाली आले. आपली वस्तू सापडलेल्या माणसाचे येतात तसे.

"ते?" स्टॉश म्हणाला. "त्याने आमच्या मागच्या अंगणात पोरं रिकामे डबे पाडतात."

"मला तर कागदच पाडायचाय."

"एकटी राहतेस ना गं तू?" लॉईडने विचारलं. "लॉन्ड्रीच्या वर?"

"हो. पण मी टार्गेट—"

"आणि पार्किंगमध्ये कुणी आडवा आला तर हे फूटभर धूड उपसत बसणार पर्समधून? तो म्हणेल, सावकाश काढ बाई, मला घाई नाही."

तिघंही हसले. तीही थोडीशी हसली. नाही हसलं तर 'काय गं, चेष्टा कळत नाही?' हे ऐकावं लागतं.

"मी टार्गेटसाठी घेतेय, मिस्टर बिटनर."

"डॅनिका," जीन म्हणाले, "हा माणूस चाळीस वर्षं हत्यारं विकतोय. ऐक जरा."

लॉईडने मला बाहेर काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. "लहान हाताला लहान हत्यार. बघ, रंगसुद्धा तुझाच."

टार्गेट हा शब्द तिने तीनदा उच्चारला होता. तिघांच्या सहा कानांना फक्त 'एकटी राहते' एवढंच ऐकू आलं. ती आली होती खेळ मागायला आणि हे तिला भीती विकत होते. माझ्यासारख्या हत्यारांचा अर्धा धंदा असाच चालतो.

ती नाही म्हणू शकली असती. पण जीननी पैसे स्वतः काढले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. कॉलेज सोडल्यापासून वर्षभर हा माणूस, पोरगी जेवायला आली तरी, तिच्याशी मीठ दे, दार लाव याच्यापुढे बोलला नव्हता. त्या हाताच्या वजनाखाली तिने फॉर्म भरला, तिच्या नावावर गुन्हा नाही ना हे तपासायला लॉईडने फोन लावला, आणि मी तिचा झालो.

"कॉलेज अर्धवट टाकलंस," गाडीत जीन म्हणाले. "हे तरी पुरं कर."

"करते, बाबा."

पहिल्या दिवशी क्लबच्या तळघरात आम्हाला बघायला पाच जण जमले. जीन, स्टॉश आणि आणखी तिघं. स्टॉशने सरावाच्या साध्या गोळ्या बाजूला सारून माझ्यात सगळ्यात दणक्याच्या भरल्या आणि खिशातून फोन काढला. नवीन माणसाची इथे अशीच दीक्षा होते. त्याच्या हातात न पेलणारं काहीतरी द्यायचं, धक्क्याने तो मागे कोलमडला की चित्रफीत काढायची आणि शुक्रवारी क्लबच्या तळलेल्या माशांच्या जेवणात सगळ्यांना दाखवायची. याला ते प्रेम म्हणतात.

मी उडालो. मला थांबता येत नाही, माझ्या हातात काही नसतं. माझी पाठ तिच्या अंगठ्याच्या बेचक्यात घुसली, कातडं फाटलं, आणि गुलाबी रबरावर रक्त आलं. गोळी कागदाच्या वरून छताला गेली.

"कसं वाटलं?" स्टॉशने फोन धरूनच विचारलं.

"छान," ती म्हणाली. उरलेल्या चार तिने डोळे मिटून मारल्या. मिटलेले मला दिसले. त्यांना दिसले नाहीत, ते फोनमध्ये बघत होते.

त्या दिवशी तिच्या हातात दचका बसला. गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली बुडवणारा, अंगात मुरलेला दचका. तो बसायला पाच गोळ्या पुरतात.

पुढच्या मंगळवारी ती लीग बघायला गेली. मी बॅगेत होतो, चेन अर्धी उघडी. बारा जण बाकांवर आले, बारा पेट्या उघडल्या. प्रत्येक पेटीतून निघालं लांब नळीचं, जड, पॉइंट टू टू. स्टॉशच्याही. लॉईडच्याही. एकाही बाकावर माझ्यासारखं काही नव्हतं.

डॅनिकाने एकेक बाक पाहिला. मग बॅगेची चेन लावून टाकली. मला अंधारात बरं वाटलं.

त्या लीगमध्ये एकच बाई होती. वर्ना, शाळेची बस चालवणारी, साठीची. खेळ संपल्यावर ती जवळ आली.

"बघू, काय दिलंय तुला म्हाताऱ्यांनी," म्हणत तिने मला उचललं. "अरे देवा. आणि गुलाबी. मलाही असंच दिलं होतं. एकोणीसशे ऐंशीमध्ये. तेव्हा रंग तरी काळा होता."

"मला जमत नाहीये," डॅनिका म्हणाली.

"थांब."

वर्नाने पाठ फिरवून माझ्यात तीन साध्या गोळ्या आणि दोन उडून गेलेल्या रिकाम्या पुंगळ्या भरल्या. कुठे काय आहे ते सांगितलं नाही. पहिली उडाली. दुसऱ्या वेळी नुसतं टिक झालं, आणि गोळी नसतानाही माझं तोंड चार बोटं खाली गेलं. डॅनिका माझ्याकडे बघत राहिली.

"तुझा नेम वाईट नाही," वर्ना म्हणाली. "हे तुला मारेल म्हणून तू घाबरतेस. शहाणी आहेस, ते मारतंच."

मग तिने स्वतःचं पिस्तूल डॅनिकाच्या हातात दिलं. पहिल्या मंगळवारी दचका गेला नाही. दुसऱ्या मंगळवारी थोडा गेला. डिसेंबर संपेपर्यंत दहापैकी आठ गोळ्या काळ्या वर्तुळात बसायला लागल्या. सगळ्यात चांगला कागद वर्नाने तारीख टाकून तिला दिला. डॅनिकाने तो घडी घालून माझ्या पेटीत स्पंजखाली ठेवला. वडिलांनाही दाखवला नाही. परीक्षा झाल्यावर एकदमच दाखवणार होती.

परीक्षा म्हणजे तीस गोळ्या, तीनशे गुण, पास व्हायला दोनशे दहा. आणि भिंतीवर चौकटीत लावलेला क्लबचा नियम: परीक्षा स्वतःच्याच हत्यारावर, उसनं चालणार नाही. खाली क्लबचा अध्यक्ष म्हणून लॉईडची सही.

"माझं देऊनच टाकलं असतं तुला," वर्ना म्हणाली. "पण मग मंगळवारी मी काय बोटाने ठो करू? जा, त्या लॉईडकडून ते लांबवालं बदलून घे."

परीक्षेला तीन दिवस असताना डॅनिकाने मला काउंटरवर ठेवलं.

"मिस्टर बिटनर, हे परत घ्या. वरचे पैसे मी देते. ते लांबवालं द्या."

"ते गेलं गं. शुक्रवारीच गेलं."

"कुणी नेलं?"

लॉईडने स्टुलाकडे पाहिलं. स्टॉशने कॉफीचा घोट घेतला.

"मनगट दुखतं हल्ली माझं," स्टॉश म्हणाला. "जुन्याचा चाप जरा जड आहे. हे अगदी लोणी. आणि धक्का म्हणशील तर नाहीच."

"तुम्ही म्हणाला होता त्याने पोरं डबे पाडतात."

"पाडतात की. मीही पाडीन."

लॉईडला हसू आलं. मागवायचं तर दोन आठवडे लागणार होते. शेजारच्या गावातही तसं काही नव्हतं. तिने मला पेटीत ठेवलं आणि घरी नेलं.

परीक्षेच्या दिवशी जीन मागच्या बाकावर बसले होते, टोपी गुडघ्यावर. डॅनिकाच्या डावीकडच्या जागेवर स्टॉश सरावाला उभा होता, नव्याने घेतलेल्या त्या जुन्या पिस्तुलासह. ते मला ओळखीचं वाटलं तरी मी त्याच्याकडे बघितलं नाही.

साध्या गोळ्या होत्या. तिने खरंच सगळं केलं. श्वास धरला, डोळे उघडे ठेवले. पहिल्या दहा ठीक गेल्या. मग वेळ लावलेल्या फेऱ्या आल्या, वीस सेकंदांत पाच अशा दोन, मग दहा सेकंदांत पाच अशा दोन. माझा चाप ओढता ओढता तिचं बोट दमलं. बेचक्यातली जुनी जखम उघडली. आणि तो दचका परत आला. मी मुद्दाम काही केलं नाही. मी जसा आहे तसा वागलो, तेवढं पुरे झालं.

एकशे त्रेसष्ट.

"चालायचंच," स्टॉश म्हणाला. "बायकांचं मनगट नाजूक असतं."

वर्ना त्याला म्हणाली, "तुझं मनगट दुखत होतं ना रे? की ते दुकानातच दुखतं?" पण डॅनिका तोवर जिना चढून गेली होती.

गाडीत मी तिच्या मांडीवर, पेटीत. मग जीन म्हणाले, "तुला कुठलीच गोष्ट पुरी करता येत नाही."

ती खिडकीतून बर्फाकडे बघत होती. "बाबा, तुम्ही नेमबाजी शिकलात तेव्हा तुमच्या हातात पहिलं कुठलं हत्यार होतं?"

जीननी उत्तर द्यायला दोन सिग्नल घेतले.

"पॉइंट टू टू," ते म्हणाले. "माझ्या बाबांचं."

"आणि स्टॉशच्या?"

"त्याच्याही."

यापुढे त्यांनी एक वाक्य बोलायला हवं होतं. छोटंसंच. मी पेटीत पडल्या पडल्या वाट बघत होतो, तीही बघत होती. त्यांनी गाडीतला हीटर वाढवला.

दुसऱ्या दिवशी तिने मला परत दुकानात आणलं. बदल्यात काय मिळतंय ते विचारलंसुद्धा नाही. लहानपणापासून ज्याला मिस्टर बिटनर म्हणत आली त्याला ती म्हणाली, "लॉईड, मी टार्गेट म्हटलं होतं."

"काय म्हणालीस?"

"हेच. तुम्हाला ऐकू आलं नव्हतं." आणि गेली. आता ती क्लबात येत नाही. वर्ना अधूनमधून दुकानात डोकावून तिची चौकशी करते. लॉईडला काही माहीत नसतं.

मी पुन्हा काचेच्या कपाटात आहे. गुलाबी रबरावरचा डाग लॉईडने स्पिरिटने पुसून काढला. शेजारी आणखी एक लांब नळीचं आलंय, कुणाच्या तरी विधवेने विकलेलं. आणि आज सकाळी तू आलीस, पोरी. तुझं नाव मला माहीत नाही. तू त्याच्याकडे बोट दाखवलंस, टार्गेटसाठी म्हणालीस, आणि लॉईडने तुला विचारलं, "एकटी राहतेस ना गं?"

आता मी तुझ्या तळहातावर आहे. लॉईड सांगतोय, "एका मुलीने घेतलं होतं. फारसं वापरलंच नाही, अगदी नव्यासारखं आहे."

"मग परत का केलं?"

"तिला नेमबाजी जमली नाही."

खोटं आहे. तिला जमत होती. तुझ्या खांद्यावर कुणी हात ठेवायच्या आत मला खाली ठेव. माझी पेटी तुझ्यासमोर उघडी आहे. तिच्यातला स्पंज उचल. लॉईडने तो कधी उचलला नाही. खाली घडी घातलेला एक कागद आहे, काळ्या वर्तुळात आठ भोकं असलेला. मागे तिच्या अक्षरात लिहिलंय, 'हे लांबवाल्याने मारलंय.'

वाच. आणि मग तेच माग. चौथ्यांदा मागावं लागलं तरी माग.