इंजिनाचा डॉक्टर

“साखराबाई, दम कवापासून कोंडायलाय?” असं तोंडाने विचारताना आनंदराज मनात म्हणत होता, डाव्या भात्याला हवा कमी पडतेय. मुरुडच्या दवाखान्यात रोज हेच चालायचं. पेशंटचा खोकला म्हणजे इंजिनाची कुरकुर, आणि आपण ताऱ्यांकडे निघालेल्या यानाचे एकटे इंजिनियर. पन्नाशी आली तरी हे खूळ गेलं नव्हतं. सांगणार कुणाला? लग्न राहून गेलेलं, आणि पेशंटला सांगावं तर तो उठून थेट लातूर गाठायचा.

खूळ लहानपणचं. चुलीपुढे बसून तो आईला यानाच्या गोष्टी सांगायचा. आभाळात इंजिन बंद पडतं, आणि एकजण जीव तोडून ते चालू करतो. “म्हंजे इंजिनाचा डाक्टर की,” धुरपताबाई म्हणायची. यानाला ती इमान म्हणायची. दहावीनंतर प्रवेशाच्या वेळी त्याला तापाने घेरलं, म्हणून लातूरच्या कॉलेजात तीच गेली. पोराला काय व्हायचंय, असं खिडकीतल्या क्लार्कने विचारलं. “डाक्टर. इंजिनाचा,” तिने ऐटीत सांगितलं. क्लार्कने पहिला शब्द तेवढा ऐकला आणि पोराच्या नशिबी गणिताऐवजी जीवशास्त्र आलं. परतलेल्या आईचा चेहरा असा फुलला होता की आनंदराजला बोलवेना. मग ते कायमचंच राहिलं.

आता धुरपताबाई दवाखान्यामागच्या खोलीत ऑक्सिजनवर होती. दुपारी पेशंट संपल्यावर तो तिच्या उशाशी बसला.

“आन्या, शेजारची तारामती म्हनली, इंजिनेर येगळा आन् डाक्टर येगळा. खरं सांग. म्या चुकले का रं तवा?”

इतकी वर्षं गिळलेलं उत्तर घशाशी आलं. हो म्हटलं असतं, तर या जगात निदान एका माणसाला तो कोण होता ते कळलं असतं. त्याला फार वाटलं, म्हणावं.

“तिला काय कळतंय? तू सांगितलंस तेच झालो की, माय.”

त्याने तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

“चालू हाय का इंजिन?”

“हाय.”

“कुठवर आलं आपलं इमान?”

“लई लांब आलोत, माय.”

ती समाधानाने हसली आणि तिने डोळे मिटले. आतली धडधड मंदावत गेली, मग थांबली. हे इंजिन काही चालू होणार नव्हतं, डॉक्टरला ते कळत होतं. पण कानातल्या नळ्या काढल्या की यानावर तो एकटाच उरणार होता. बराच वेळ त्याने त्या काढल्या नाहीत.