आयलीचं घंगाळ

आयली राउतामाकीच्या लेकीनं तिसरं लग्न केलं आणि नवरदेवाच्या कुत्र्यानं लग्नाचा अख्खा केक फस्त केला, त्या वर्षीची, म्हणजे दोन हजार सोळाची ही गोष्ट. लग्न मे महिन्यात झालं आणि जून लागताच पालिकेचं पत्र आलं. कोर्पिवेसी गावच्या तळ्यात साबणाचं पाणी जातं, सबब सतरंज्या धुण्याचा काठावरचा लाकडी धक्का मोडण्यात येईल.

आयली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. साठ उन्हाळे तिनं त्या धक्क्यावर चिंध्यांच्या सतरंज्या पाइनच्या साबणानं घासल्या होत्या. नवरा तिला तिथंच भेटला होता. तो गेल्यावर तिचं वर्षाचं सगळं बोलणंही तिथंच व्हायचं, इतर बायकांसोबत, ब्रश चालवता चालवता. हिवाळाभर ती फक्त रेडिओशी बोलायची. धक्का गेला तर उन्हाळ्यातही रेडिओच.

त्या वर्षी हायस्कूलच्या पोरांना गावमंडळाबरोबर तळ्यासाठी काहीतरी काम करायचं होतं. त्यांची पुढारी सायमी. वय सतरा, केस हिरवे, हातात सदा कॅल्क्युलेटर.

"आजी, काठावर हौद बांधू या," सायमी म्हणाली. "घाण पाणी वाळूतून आणि लव्हाळ्यांतून गाळलं जाईल. सोपं काम."

"काठावर? मग घरच्या न्हाणीतच का धुऊ नये? पायाखाली पाणी हललं पाहिजे, पोरी. साठ वर्षं हललंय."

"पण तळ्यात एक थेंबही जाता कामा नये."

"नको जाऊ दे! मी काय तळ्याची वैरीण आहे?"

म्हणून तराफा करायचं ठरलं. खाली बारा निळी पिंपं, वर फळ्या, पाण्याकडच्या टोकाला जस्ताचं भलंमोठं घंगाळ. घंगाळातलं पाणी पंपानं ओढून पाइपातून काठावरच्या लव्हाळ्यांच्या खड्ड्यात सोडायचं. पोरांनी खिळे ठोकले आणि म्हाताऱ्यांनी चुका काढल्या. गावमंडळाचा अध्यक्ष तौनो. वीस वर्षं अध्यक्ष होता, पण त्याचं खरं काम कॉफी करण्याचं.

"हा खिळा वाकडा आहे," तौनो म्हणाला.

"तुम्ही वाकडे उभे आहात, तौनोआजोबा," सायमी म्हणाली.

तिनं हिशोब करून दाखवला. तराफ्यावर चोवीस माणसं आरामात मावतील, सगळीकडे सारखी पसरली की झालं.

"सारखी पसरली की?" आयलीनं विचारलं. "कुठल्या गावची माणसं धरलीस?"

"माणसं म्हणजे माणसं, आजी."

पोरीला हिशोब येत होता, गाव अजून यायचं होतं.

उन्हाळी सणाच्या दोन दिवस आधी पालिकेचे किविहार्यू तपासणीला आले. काखेत फाइल, पायात पॉलिश केलेले बूट.

"साबणाचा एक थेंब जरी तळ्यात गेला," ते म्हणाले, "तर धक्काही जाईल नि तराफाही."

आयली पाण्याकडच्या टोकाला घंगाळापाशी उभी होती. घंगाळात वीतभर साबणाचं पाणी आणि तिची निळी सतरंजी. मग बाकीचे तराफ्यावर आले.

आता कोर्पिवेसीत पुढे जाऊन उभं राहायची रीत नाही. चर्चमधल्या पहिल्या तीन बाकांचा रंग अजून नव्यासारखा आहे. पहिला माणूस काठावरून टाकलेल्या फळीवरून उतरला आणि फळीपाशीच थांबला. दुसरा त्याच्या मागे शिरला. तिसऱ्यानं दुसऱ्याच्या मागचा कोपरा शोधून काढला.

"सरका की पुढे," तौनो म्हणाला. तो स्वतः सगळ्यांत मागे होता.

"तुम्ही व्हा ना पुढे, तुम्ही पाहुणे," कुणीतरी किविहार्यूंना म्हणालं.

"नको, नको. इथून छान दिसतंय." ते शेजारच्या गावचे. गाव निराळं, रक्त तेच.

तराफ्याचं मागचं टोक हळूहळू खाली गेलं. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी कुणी बोललं नाही, घोटाभर पाण्यासाठी कोण आरडाओरडा करणार? गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा तौनो म्हणाला, "तळं आज जरा वर आलंय."

"पुढे या रे मेल्यांनो!" आयली वर उचलल्या गेलेल्या टोकावरून ओरडली.

ती कुणाला म्हणतेय ते पाहायला सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

तेवढ्यात घंगाळ घसरायला लागलं. आयलीनं कड धरली, पण घंगाळ ऐकेना. हलकं भांडं कलंडतं, जड भांडं बूड धरून राहतं, हे तिला साठ वर्षांपासून ठाऊक. तिनं झगा वर धरला आणि सरळ घंगाळात बसली. घंगाळ सुसाट खाली आलं. गर्दी दोन्हीकडे फाकली, कोर्पिवेसीत इतक्या चपळाईनं कुणी कुणाला वाट दिली नव्हती. मग धपाधप सगळे कमरेभर पाण्यात, आणि आयली मधून तरंगत, सतरंजीवर बसून, लव्हाळ्यांच्या दिशेनं.

किविहार्यूंनी फाइल डोक्यावर धरली होती. "साबणाचं पाणी कुठंय?"

"माझ्या बुडाखाली!" आयली ओरडली. "बघून जा, थेंब सांडलेला नाही. सायमी, पाइप आण!"

सायमी तोंडात पाइप धरून पोहत आली. पंप सुरू झाला. साबणाचं पाणी लव्हाळ्यांच्या खड्ड्यात गेलं आणि त्याच्याबरोबर आयलीचा डावा मोजाही.

मग सगळ्यांना तौनोच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत नेलं. किविहार्यू टॉवेल गुंडाळून बाहेर आले, लाल झालेले. कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेतला आणि ओल्या फाइलवर लिहिलं: "साबण तळ्यात गेला नाही. माणसे गेली. माणसांबद्दल नियम नाही. मंजूर."

दुसऱ्या दिवशी सायमी कॅल्क्युलेटर घरी ठेवून रंगाचा डबा घेऊन आली. तराफ्यावर तिनं चोवीस पिवळे गोल काढले, दीड दीड हाताच्या अंतरानं, आत आकडे. माणसांनी सांगितलेलं कोर्पिवेसी ऐकत नाही, रंगानं सांगितलेलं मात्र निमूट पाळतं. जो तो आपापल्या गोलात उभा राहिला आणि तराफा ताटासारखा सपाट तरंगला. एक नंबरचा गोल अगदी पुढे, घंगाळापाशी. तो कुणालाच नको होता, म्हणून आयलीला मिळाला. तिथं ती आणखी पाच उन्हाळे सतरंज्या घासत मनसोक्त बोलली, आणि बायका आपापल्या गोलांतून तिला उत्तरं देत राहिल्या.

आयली राउतामाकी दोन हजार एकवीसच्या नऊ ऑगस्टला, सोमवारी, वारली.