लाल पाटीची जागा

"लोकांना उद्योग नाहीत दुसरे," तुरे सुकाणूमागून पुटपुटला. "आपण शिरलो की लगेच उभे राहतात धक्क्यावर. मी काय आज पहिल्यांदा बोट लावतोय?"

त्याची बायको गुनवोर मागच्या टोकाला लांब आकडा धरून बसली होती. नागूच्या बंदरात बोटीचं तोंड धक्क्याला बांधायचं आणि मागचं टोक पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला. बोया आकड्याने धरायचं काम अडतीस उन्हाळे तिचंच.

तुरेची तक्रार खोटी नव्हती. गेल्या उन्हाळ्यापासून हे कोडं तिलाही पडलं होतं. इतरांच्या बोटी आल्या तर हीच माणसं कॉफीतून मान वर करत नाहीत. यांची निळी बोट दिसली की चौघेजण कप खाली ठेवून उठतात. वयाचा मान म्हणावा, तर त्यांच्यातला हॉकन तुरेपेक्षा दोन वर्षांनी मोठा.

"ती हिरवी पाटी बघ. तिथेच घेतो," तुरे म्हणाला.

पाटी लाल होती. हिरवी म्हणजे जागेच्या मालकाची बोट आज येणार नाही, खुशाल लावा; लाल म्हणजे ती आज परततेय. गुनवोरने तोंड उघडलं आणि मिटलं. बोट लावताना सुकाणूवाल्याला शिकवायचं नाही, या एका नियमावर आपलं लग्न टिकलं असं ती चारचौघांत हसून सांगे.

जागा हॉकनची होती. तो वाकला आणि त्याने पाटी अलगद उलटी केली. आता ती हिरवी होती.

दोर बसले. "लागली की नाही लोण्यासारखी," म्हणत तुरे खूश होऊन कॉफी करायला खाली गेला. गुनवोर धक्क्यावर उतरली.

"हॉकन, तुझा लेक आज यायचाय ना बोट घेऊन?"

"येईल की. लावेल कुठेतरी."

"मग पाटी का फिरवलीस?"

हॉकनने चांगली बसलेली गाठ सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. "वाऱ्याने फिरली असेल गं."

"वारा वाकून पाटी फिरवतो?"

"नागूचा वारा फार सभ्य आहे."

ती हसली नाही. "कधीपासून चाललंय हे?"

"मागच्या जूनपासून," तो गाठीकडे बघत म्हणाला. "ज्याची जागा समोर येईल, तो फिरवतो."

गुनवोरने बंदराच्या तोंडाकडे पाहिलं. उद्या सकाळी सात वर्षांच्या नातीला घेऊन उट्यो बेटावर जायचं होतं. पाच तासांची वाट, दोन्ही बाजूंना पाण्याखालचे खडक. आणि कुठून जायचं ते सांगणाऱ्या खुणा सगळ्या लाल नाहीतर हिरव्या.

ती पुन्हा बोटीत आली. खाली केबिनमध्ये तुरे कॉफी ओतत होता. डाव्या हाताचं बोट कपाच्या आत होतं. चटका बसला तसा त्याने ओतणं थांबवलं, बोट चोखलं आणि कप तिच्यापुढे सरकवला.

"सहाला निघू," तो म्हणाला. "पोरीला म्हणावं, टोपी घे."

गुनवोरने कपाला हात लावला नाही. ती त्याच्यासमोर बसली, गुडघ्याला गुडघा टेकेल इतकी जवळ.

"तुरे," ती म्हणाली, "तुला दिसत नाही."