कोपऱ्यातलं स्थळ

माझ्या प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात तीन गोष्टी असतात: 'मुनीर फोटो स्टुडिओ, टेंभुर्णी' हे नाव, तारीख आणि स्थळ. लग्न असो, साखरपुडा असो, बारसं असो, स्थळ हवंच. उद्या व्याह्याव्याह्यांत बिनसलं तर मांडव कुणाच्या दारात पडला होता, एवढं तरी फोटोवरून कळतं. तीस वर्षांत ही सवय बोटांत अशी मुरली की माझी बायको सुगराबी म्हणते, "मेरी कबर पे भी तुम 'स्थळ' लिखेंगे."

या सवयीपायी यंदा एक घर बुडता बुडता वाचलं. घर लांडग्याचं होतं.

पौषात लग्नं नसतात. मी दुकानात माशा मारत बसलो होतो, तेव्हा म्हस्कू आला. म्हस्कू मेंढरं राखतो. तिसरीपर्यंत आम्ही एका फळीवर बसलो, मग तो मेंढरांमागं गेला आणि मी कॅमेऱ्यामागं. कुठल्याशा अर्जासाठी त्याला फोटो हवा होता. मी नेहमीसारखं म्हणालो, "हनुवटी खाली. नजर इकडं. हस जरा." तो कसला हसतोय! भिंतीवरचे माझे पडदे बघत बसला. माझ्याकडे काश्मीरचा बर्फ आहे, ताजमहाल आहे, एक हेलिकॉप्टरही आहे.

"हे समदं खोटंच ना रे?" त्यानं विचारलं.

"खोटं. पण लोकाला आवडतं."

"खरं काही काढलं का कधी?"

मला राग आला. मी तसाही तापट आहे. "तू खरा न्हाईस का? तुझाच काढून राह्यलो ना?" पण त्यानं स्टूल जवळ ओढलं आणि आवाज खाली आणला. "चिंचखोरीच्या माळावर लांडगीण व्याली. चार पिल्लं हायेत. पाह्यची का?"

फोटो राहिला बाजूला. आम्ही तासभर लांडग्यांबद्दलच बोललो. त्याच्या वडिलांच्या काळात त्या माळावर लांडग्यांचे तीन कळप होते. मग माळ नांगरला गेला, उरलेला रस्त्यांच्या भरावासाठी मुरमात गेला. कुत्र्यांचा रोग आला, तो लांडग्यांना लागला. परवाच्या साली कुणी तरी मेलेल्या शेळीला औषध लावून ठेवलं, त्यात दोन मेले. आता ही एक जोडी उरली होती, आणि नर म्हस्कूला महिनाभर दिसला नव्हता.

"तुझी मेंढरं नेत न्हाई का ती?"

"नेती की. गेल्या साली तीन नेली. शिव्या दिल्या, मोप दिल्या. पर तिलाबी लेकरं हायेत." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "एक ध्यानात ठेव. कुणाला जागा सांगायची न्हाई. माझा बा म्हणायचा, लांडग्याचं घर दाखवणाऱ्याच्या घराला दार राहत न्हाई."

मी अल्लाची शपथ घेतली.

तीन दिवस माझी पहाटेची फजरची नमाज झाली की आम्ही माळावर गेलो. चिंचखोरीला मुरमाची जुनी खदान आहे. तिच्या एका कडेला आजही मुरूम उपसायचं मशीन चालतं, दुसऱ्या कडेला टेकाड तसंच आहे आणि त्यात चार भोकं आहेत. समोरच्या झुडपात म्हस्कूनं मला आपली घोंगडी पांघरून बसवलं, म्हणजे वाऱ्यावर माणसाऐवजी मेंढराचा वास जावा. पहिले दोन दिवस हाती फक्त सर्दी आली. तिसऱ्या दिवशी उन्हं टेकाडावर चढली आणि दुसऱ्या भोकातून ती बाहेर आली.

लांडगीण म्हणजे काही तरी दांडगं, असं माझ्या मनात होतं. ही तर लहान चणीची, वाळक्या गवताच्या रंगाची, बरगड्या दिसणारी बाई होती. डाव्या कानाला खोक. ती आडवी झाली आणि चार काळपट पोरं तिच्यावर तुटून पडली. तीन दुधाला लागली, चौथं तिच्या खोक पडलेल्या कानाशी खेळत बसलं. ती त्याला पंजानं बाजूला सारायची, ते परत यायचं. अर्शिया, माझी लेक, लहानपणी सुगराबीच्या कानातल्या झुब्यांशी असंच करायची. माझे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांना काचेतून काय दिसणार! सवयीनं माझ्या तोंडून निघालं, अगदी हळू, "नजर इकडं."

तिनं बघितलं. सरळ माझ्याकडे. मी बटण दाबलं.

ती उठली नाही, पळाली नाही. थोडा वेळ बघत राहिली, मग पोराचं तोंड चाटायला लागली.

दुपारी तो फोटो मी कम्प्युटरवर उघडला. सुगराबी बघतच राहिली. जालन्याला कॉलेजात असलेल्या अर्शियाला पाठवला, तिचा लगेच फोन: "अब्बा, आमच्या कॉलेजचं प्रदर्शन आहे, हा पहिला येणार!" मला अस्मान ठेंगणं झालं. त्याच हवेत मी फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. बोटांनी आपलं काम चोख केलं होतं. उजव्या कोपऱ्यात नाव होतं, तारीख होती आणि खाली लिहिलं होतं, 'स्थळ: चिंचखोरी खदान'.

माझ्या ते लक्षातही आलं नाही. म्हस्कूच्या आलं. त्याला वाचता येतं तेवढं. संध्याकाळी तो दाराशी आला, आत पाऊल टाकलं नाही. "मुनीर, पत्रिका छापली तू," म्हणाला आणि निघून गेला. मी मोबाईल बघितला आणि तोंडचं पाणी पळालं. फोटो काढून टाकला, पण तोवर तो गावभर झाला होता. वनखात्याच्या माणसाला फोन लावला, तो दुसऱ्या तालुक्यात होता. उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाला.

सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर गावातलेच तातेराव. बरोबर सहा-सात जण, हातात काठ्या, एकाच्या खांद्यावर वाळल्या मिरच्यांचं पोतं. मागच्या महिन्यात तातेरावांच्या दोन शेळ्या मारल्या गेल्या होत्या. कुणी मारल्या ते देव जाणे, मोकाट कुत्र्यांनीही माळावर उच्छाद मांडलाय. पण जखम ओली असली की माणूस समोर दिसेल त्याच्यावर उठतो.

"मुनीरभाई, खदानीत चार भोकं हायेत. कोणतं ते दाखवा, जल्दी धुरी देऊन मोकळं होऊ. तुम्ही डोळ्यांनी पाह्यलं ना?"

मिरचीच्या धुरात त्या चार पोरांचं काय झालं असतं, ते मला दिसलं. तरी मी हसलो. तीस वर्षं लोकांना नसलेलं हसू आणायला लावतोय, मला का जमू नये?

"काय राव तुम्हीबी! तो फोटो बनवला मी. खदान आपली, लांडगीण मोबाईलमधली. धंदा बंद होता, म्हणलं गंमत करू."

"खोटं बोलून राह्यले तुम्ही. इतका बराबर बनतो व्हय?"

तेव्हा मी ते बोललो, जे बोलायला नको होतं. "तुमच्या बैठकीतला आप्पांचा फोटो कुणी केला?"

तातेरावांच्या बैठकीत त्यांच्या वडिलांचा मोठा फोटो आहे, मांडीवर नात छकुली. आप्पा गेले आणि त्यानंतर दोन वर्षांनी छकुली झाली. तो फोटो करताना तातेराव दोन दिवस माझ्या शेजारी बसले होते. आप्पा लेकरू कसं धरायचे, हात कुठं ठेवायचे, ते सांगता सांगता हुंदके देत होते.

"आप्पांनी छकुलीला कधी घेतल्तं, तातेराव? तो बनला ना बराबर?"

त्यांचा चेहरा उतरला. मला माझीच लाज वाटली. मागचा एक जण हसला, "मुनीरभाईनं माझ्या मेव्हण्याला हेलिकॉप्टरात बसवल्तं की!" मग सगळेच हसले. तातेराव मात्र हसले नाहीत. पोतं उचलायला सांगून ते निघून गेले.

मी ग्रुपवर लिहिलं, 'लांडग्याचा फोटो बनावट आहे, करमणुकीसाठी केला होता.' आठ दिवस मला बघितलं की चहाच्या टपरीवर आरोळी उठायची, "लांडगा आला रे आला!" प्रदर्शनात बनावट फोटो चालत नाहीत. मी अर्शियाला तो काढून घ्यायला सांगितलं. "पर है तो असली ना, अब्बा?" तिनं विचारलं. मी फोन ठेवला. आयुष्यात एकच खरा फोटो काढला, आणि तोच खोटा आहे म्हणून गावभर सांगत सुटलो. जीव तुटत होता, कशाला लपवू?

नवव्या दिवशी म्हस्कू आला. आत आला, बसला. "गावात खोटा झाला म्हणं तू."

"झालो."

मी मागवलेला चहा अर्धा माझ्या बशीत ओतून तो म्हणाला, "माझा अर्जाचा फोटो राह्यला की." आणि कॅमेऱ्यासमोर बसून, मी न सांगता, दात दाखवून हसला.

हरभरा निघाला त्या सुमारास, एका दुपारी, तातेराव एकटेच दुकानात आले. बराच वेळ ताजमहाल बघत उभे राहिले.

"मशीन टेकाडापर्यंत आलं," ते म्हणाले. "आज सकाळी ती माझ्या वावराच्या धुऱ्यावरून गेली. मागं चार पोरं. कानाला खोक होती, मुनीरभाई. फोटोतल्यासारखीच."

मी स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.

"काठी होती हातात," ते म्हणाले. "हातातच राह्यली. शेवटचं पोरगं थांबलं, माझ्याकडं पाह्यलं, मंग मायच्या मागं पळालं. शेळ्यांचं दुःख आहेच, ते जाणार न्हाई. पर लेकराला कसं मारावं?"

"कुणीकडं गेली?" मी विचारून बसलो.

"ते बिलकुल सांगणार न्हाई. तुम्हाला तर न्हाईच." पहिल्यांदा ते हसले. "तो फोटो मोठा काढून द्या एक. आप्पांच्या बाजूला लावायचाय."

मी फोटो उघडला. बोटं सवयीनं उजव्या कोपऱ्याकडे गेली. तातेरावांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"स्थळ टाकू नका," ते म्हणाले.