शनिवार हरवलेली डबी

मालकांनी एका पत्राला तीन आठवडे उत्तर दिलं नाही. ते पत्र माझ्याच खाली दाबून ठेवलेलं होतं, म्हणून ही हकीकत मला ठाऊक. मित्रांनो, मी म्हैसूरच्या एका घरातली जुनी, सात कप्प्यांची गोळ्यांची डबी. बेळगोळच्या कारखान्यात जन्मले. माझे मालक मानाजीराव भिडस्त आणि वाचनवेडे. पूर्वी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी सांभाळल्या, कौतुक झालं. मग कपाटामागे धूळ खात पडले.

यंदा मालकांच्या पत्नी गोदावरीबाई न्हाणीघरात घसरल्या. डोक्याला मार लागला, दवाखान्यात फिट आली. पुन्हा येऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज जेवणानंतर रात्री फेनिटोइनची एक गोळी सांगितली. मला धुतलं, झाकणांवरची वारांची अक्षरं गेली, मालकांनी नवी चिकटवली.

पत्र होतं एच. डी. कोटे गावी राहणाऱ्या धाकट्या भावाचं. या खंडोजीरावांना फोनवर ऐकू येत नाही. "सूनबाई जयवंतीलाही डोक्याला लागून फिट आली. वहिनींना फेनिटोइन, तिला लेवेटिरासिटम दिलंय. दादा, तू वाचणारा. कोणतं बरं? सांगशील तर बदलू."

मालकांनी वहीत दोन रकाने आखले. फेनिटोइन घेताना मधूनमधून रक्त तपासावं लागतं, लेवेटिरासिटमने काहींची चिडचिड वाढते. फिट रोखण्यात दोन्ही जवळपास सारखीच, असं एक लेख म्हणे. दुसरा म्हणे, पुरावा अपुरा. त्यांना कळेना, मलाही कळेना. त्यातच रविवारी सकाळी बाईंच्या डाव्या हाताला झटके येऊ लागले. "आपलंच औषध वाईट," असं त्यांनी उत्तरात लिहिलं आणि खोडलं.

"वाचणं साकु, पुरे आता," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या रविवारी नात विद्याश्रीने मला उचललं. "अय्यो आजोबा, यात दोन संडे!"

खरंच होतं. मालकांनी पहिल्या झाकणावर 'र' लावला होता. चिठ्ठ्या संपल्या, सातवं कोरं राहिलं. आठवडा सोमवारी सुरू होतो अशा हिशेबाने विद्याश्रीने तिथे कन्नड भानुवारचा, म्हणजे रविवारचाच, 'भा' लावला होता. शनिवारच नव्हता! 'भा'मधली गोळी तशीच राही, मला भरताना मालकांना वाटे ती आपणच आधी भरली.

"अगं, शनिवारी काय घेत होतीस?"

"काही नाही. माझा शनिवार असतो ना? म्हटलं, गोळीलाही उपास असेल."

मालकांनी 'भा'चं झाकण उघडलं, गोळी आत तशीच होती. मग ते मला पिशवीत घेऊन बाईंसह दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं. "औषध बदलायचं नंतर पाहू. आधी रोज घ्या," म्हणाले.

मित्रांनो, माझ्यावर नुसता विश्वास टाकू नका. झाकण उघडून बघत जा.

तिथल्याच बाकावर मालकांनी लिहिलं, "खंडू, कोणतं बरं ते मला कळलं नाही. हे सांगायला लाज वाटत होती. माझ्या शब्दावर औषध बदलू नकोस, बंदही करू नकोस, डॉक्टरांना विचार. जयवंतीची गोळी चुकत नाही ना, ते आजच बघ."

बन्नीमंटपाच्या टपालपेटीपाशी ते थोडे घुटमळले. या वेळी काही न खोडता त्यांनी पत्र आत टाकलं.