मृगातला ढग

निवृत्त झाल्यावर माझ्या नवऱ्याने, दिगंबरने, तळेगाव सोडून तुंगार्लीत घर घेतलं ते केवळ काळ्या आभाळासाठी. थंडीत दिवेलागण झाली की गच्चीवर दुर्बीण लागायची आणि मृग नक्षत्रातल्या तेजोमेघांची, तारकागुच्छांची हजेरी घेतली जायची. मीही कधीमधी डोळा लावायचे. "सरळ बघू नकोस, इंदिरा. नजर जरा बाजूला ठेव, मग अंधुक गोष्ट दिसते," हे मी किती वेळा ऐकलं असेल.

मग एकेक मेघ दिसेनासा झाला. आधी बारीकसारीक गेले, मग मृगाच्या बाणाखालचा तो मोठाही, ज्याला हे नुसतं 'ढग' म्हणायचे. ह्यांनी शेजारच्या, पर्यटकांना भाड्याने देतात त्या बंगल्याला धारेवर धरलं. तिथल्या लॉनवर दिवे वाढत होतेच. मग तक्रारी झाल्या, भांडणं झाली, रस्त्यात तोंडं फिरवणं झालं. घरातल्या उंबऱ्याला अडखळले तरी हे म्हणायचे, "त्या दिव्यांनी डोळे दिपतात." मीही त्यांचीच री ओढली. त्या झगमगाटाचा मला मनापासून राग होता.

यंदा बंगला सांभाळणाऱ्या विहंगने हात टेकले. "काका, आजपासून बाहेर एकही दिवा लावत नाही. पोटभर बघा," म्हणाला. आणि खरंच सगळं काळंकुट्ट झालं. हे घाईघाईने गच्चीवर गेले, दुर्बिणीला डोळा लावला आणि पुन्हापुन्हा फोकस फिरवत राहिले.

"तारे आहेत. ढग नाही," शेवटी म्हणाले. "कुठेतरी दिवा राहिलाय बघ."

कुठेच दिवा नव्हता. मी डोळा लावला, शिकवल्याप्रमाणे नजर जरा बाजूला ठेवली. मधल्या ताऱ्यांभोवती तो ढग पंख पसरून बसला होता. इतका स्वच्छ मी तो कधीच पाहिला नव्हता. खोटं बोलावंसं फार वाटलं.

"दिसतोय," मी म्हणाले. "सगळा."

त्यांनी चाचपडत दुर्बिणीचं झाकण लावलं.

पुण्याच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो कडेची नजर आधी खातो. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधाने टिकते का बघायचं. इतकी वर्षं का आला नाहीत, असं त्यांनी विचारलं. काय सांगणार, शेजाऱ्यांशी भांडत होतो?

विहंग मात्र शब्दाला जागला. अजूनही त्या बाजूला संध्याकाळी अंधारच असतो. काल हे फाटकाजवळच्या पायऱ्यांवर पडले. मी गुडघा पुसत होते, तेव्हा म्हणाले, "इंदिरा, विहंगला जाऊन सांग, दिवे लाव म्हणावं. सगळे."