उत्तम इमारत

पाहणीचं पत्र आलं त्या दिवसापासून माझ्या पायाला भिंगरी लागली होती. दिवसभर इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करायची आणि घरी आल्यावर अख्ख्या इमारतीच्या मागे हात धुऊन लागायचं. शेजारी म्हणत, ही बाई झोपेतही झाडू मारत असेल. म्हणेनात का! शुक्रवारी सरकारी घरांच्या कार्यालयातून माणूस येणार होता, आणि कुठल्या इमारतीची लिफ्ट आधी दुरुस्त करायची ते त्याच्या अहवालावर ठरणार होतं.

आमची लिफ्ट अकरा महिने बंद होती आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तिला स्ट्रेचरवरून वर आणलं, त्यानंतर ती खाली उतरलीच नाही. खिडकीशी बसून रस्ता बघायची. कोण किती वाजता कामावर जातं ते तिला तोंडपाठ झालं होतं. मी तिच्याकडे बघितलं की माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

रहिवासी समितीचे प्रमुख कंडक्टरकाका. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण सभेत कोणी रेंगाळलं की अजून ओरडतात, “पुढे चला, पुढे चला!” पत्र वाचून ते म्हणाले, “पाहुणा येतोय. इमारत लखलखीत दिसली पाहिजे.” मीच मान डोलावली. नुसती डोलावली नाही, मीच रंग निवडला. तीन आठवडे आम्ही जिना घासला, भिंती पोपटी केल्या, फुटलेल्या फरशा बसवल्या, कुंड्या मांडल्या. आपण नीट राहणारी माणसं आहोत हे दिसलं की लिफ्ट मिळणार, याबद्दल कोणाच्याच मनात शंका आली नाही. माझ्या तर नाहीच नाही.

शुक्रवारी सकाळी काका आणखी एक टूम घेऊन आले. आईकडे बघून म्हणाले, “वहिनी सगळ्यांत जुन्या रहिवासी. पाहुण्याचं स्वागत त्यांनीच करायचं.”

चौघांनी आईला खुर्चीत बसवून खाली आणलं. ठेवणीतले कपडे, केस चापूनचोपून बसवलेले. प्रत्येक वळणावर ती म्हणत होती, “अगं बाई, काय छान केलंत!” इतकी खूश मी तिला वर्षभरात बघितली नव्हती. मला रडूच यायला लागलं.

तपासनीस तरुण होता, सभ्य होता. वरखाली फिरून आला आणि आईसमोर वाकून म्हणाला, “कशा आहात, आजी? येण्याजाण्याचा काही त्रास?”

“छे! कसला त्रास? सगळे किती करतात माझं,” आई म्हणाली. पाहुण्यासमोर रडगाणं गायचं नाही, ही तिची जन्माची शिस्त. काकांनी मोठ्या मानाने तिच्या हातात पेन दिलं. अहवालावर रहिवाशांतर्फे सही तिचीच.

कागदाची घडी घालायच्या आत मी तो वाचला. ‘देखभाल: उत्तम. रहिवाशांचा सहभाग: उत्तम. वृद्धांची ये-जा: सुरळीत.’

“आणि लिफ्ट?” मी विचारलं.

“बंद आहे, नोंदवलंय. पण तुमचा नंबर बराच खाली जाईल. जिथे माणसं अडकून पडलीत, त्या इमारती आधी. दोन वर्षांनी पुन्हा पाहणी होईलच.”

कोणीतरी तोंडात मारावी तसं झालं. “अहो, माझी आईच अडकलीये! आज चौघांनी उचलून आणलंय तिला!”

“पण त्या आत्ताच म्हणाल्या...” त्याने आईकडे बघितलं. काका जमिनीकडे बघू लागले. मला स्वतःचाच संताप आला. तीन आठवडे पोपटी रंगात हात बुडवून मी आईला वर कोंडायचीच तयारी केली होती.

आईने सगळं ऐकलं. खुर्चीचे हात धरून ती उठली. मी पुढे झाले तर म्हणाली, “हात लावू नकोस.” जिन्यापाशी गेली, कठड्याला धरलं आणि पहिली पायरी चढली. मग दुसरी. तिसऱ्या पायरीवर तिच्या तोंडून कण्हणं बाहेर पडलं. भिंतीपलीकडून ते मी रोज ऐकायचे. परक्या माणसाने पहिल्यांदाच ऐकलं.

“आजी, पुरे! बसा!” तपासनीस धावला.

“लिहा आधी,” आई म्हणाली. चौथ्या पायरीला तिचा पाय उचललाच गेला नाही. ती तिथेच खाली बसली आणि ओरडली, अगदी लहान मुलासारखी. केस सुटले, कपड्यांचं भान राहिलं नाही. “चढता येत नाही मला! उतरता येत नाही! न्हाणीघरात जातानासुद्धा मुलगी धरते! लिहा!”

सगळी इमारत दारादारांत उभी होती. तपासनीसाने शेवटच्या ओळीवर काट मारली आणि घाईघाईने लिहू लागला. आता लिफ्ट होईल, माझ्या मनात आलं. मला आनंद व्हायला हवा होता.

मी तीन पायऱ्या चढून तिच्या शेजारी बसले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“माझ्याकडे बघू नकोस,” आई म्हणाली.